सिंहलद्वीपींचे गोमंतकीय संत पाद्री जोसे वाझ

मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकास पोर्तुगेज पाद्री वारंवार भेटतो. परंतु तो बहुधा एकाच रूपानें भेटतो. पुढें गलबत, त्यामागें सैन्य आणि सैन्यामागें क्रूस हातीं घेतलेला पाद्री, असें हें चित्र साष्टी, बारदेश व वसई ह्या प्रांतांच्या इतिहासानें आमच्या मनांत पक्कें बसविलें आहे. हें चित्र निराधार नाहीं. साष्टी महालांतील देवालयें १५६७ मध्यें पाडण्यांत आलीं आणि त्या सुमारास अनेक दैवतांस त्यांच्या भक्तांनीं नदीपार अंत्रुज महालांत नेलें, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. तथापि एकाच चित्रावरून सर्व माणसें ओळखूं लागलें, म्हणजे इतिहासाचें काम संपतें आणि पूर्वग्रहाचें काम सुरू होतें. ज्या पाद्र्यामागें गलबत नव्हतें, सैन्य नव्हतें, आणि ज्याच्या जातभाईंना खुद्द गोव्याच्या धर्मसंस्थेंतहि दुय्यम स्थान होतें, त्याचें चरित्र ह्या चित्रांत कोठें बसवावयाचें? अशा एका पुरुषाचा विचार प्रस्तुत लेखांत आम्हीं योजिला आहे. त्यांचें नांव पाद्री जोसे वाझ. जन्मानें ते गोमंतकीय. कर्मभूमि त्यांची सिंहलद्वीप. १४ जानेवारी २०१५ रोजीं कोलंबो येथें पोप फ्रान्सिस यांनीं त्यांना संतपद दिलें.

वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजीं साष्टींतील बाणावली ह्या गांवीं, आजोळीं झाला. वडील क्रिस्तोव्हांव वाझ हे सांकवाळचे. आई मारिया द मिरांद. सहा भावंडांत हे तिसरे. सांकवाळचें जुनें नांव शंखवाळ. तेथील श्रीलक्ष्मीनृसिंह आज अंत्रुजांतील वेलिंग येथें आहे, हें वाचकांस ठाऊक असेलच. देव गांव सोडून गेले आणि गांवांत जीं ब्राह्मण कुळें राहिलीं, तीं ख्रिस्ती झालीं. अशाच एका कुळांत, देवालयें पडल्यानंतर चौऱ्याऐशीं वर्षांनीं, वाझ जन्मले. म्हणजे धर्मांतराच्या वेळची धामधूम त्यांच्या घरांत आतां पणज्याच्या काळची गोष्ट झाली होती. वाझ यांना ख्रिस्ती धर्म वारशानें मिळाला. हा भेद ध्यानांत ठेवला पाहिजे. त्यांच्या श्रद्धेस परकी म्हणून दूर सारतां येत नाहीं.

सांकवाळ व बाणावली येथें पोर्तुगेज व लॅटिन शिकून ते गोवें शहरांत आले. जेझुइटांच्या संत पॉल विद्यालयांत साहित्य आणि डोमिनिकनांच्या संत थॉमस विद्यालयांत तत्त्वज्ञान व ईश्वरविद्या, असें त्यांचें अध्ययन झालें. १६७६ मध्यें त्यांना पाद्रीपदाची दीक्षा मिळाली. पुढें सांकवाळ येथें त्यांनीं लॅटिनची शाळा घातली. १६७७ मध्यें त्यांनीं आपण मरियेचे दास आहों असें एक दास्यपत्र लिहून दिलें. ज्या काळीं गोव्यांत माणसांची खरेदीविक्री राजरोस चाले, त्या काळीं एका पाद्र्यानें आपल्या भक्तीसाठीं गुलामाच्या खतपत्राचा शब्द निवडावा, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

त्या वेळीं एतद्देशीय पाद्र्याची स्थिति काय होती? पोर्तुगालच्या राजास पोपाकडून पूर्वेकडील ख्रिस्ती संस्थांवर ‘पाद्रोआदो’ म्हणजे आश्रयदात्याचा हक्क मिळाला होता. पाद्री पाठविणें, बिशप सुचविणें, देवळांचा खर्च चालविणें हें राजाचें काम. अर्थात् लगामहि राजाच्याच हातीं. मोठमोठ्या यूरोपीय संघांची दारें गोमंतकीयांना बहुतेक बंदच असत. दिवाडी येथील मातेउश द कास्त्रो ह्या विद्वानास गोव्यांत मान मिळेना, म्हणून तो रोमास गेला आणि १६३७ मध्यें तेथें बिशप होऊन परत आला. तरी गोव्याच्या अधिकाऱ्यांनीं त्यास मानिलें नाहीं. रोमांत १६२२ मध्यें धर्मप्रसाराचें स्वतंत्र खातें निघालें होतें. त्याच्याशीं पाद्रोआदोचें वितुष्ट चालूं होतें. देशी पाद्री ह्या दोहोंच्या कात्रींत सांपडे.

१६८१ मध्यें वाझ यांना कानडा प्रांतांत पाठविण्यांत आलें तें ह्याच कात्रींत. तो मुलूख केळदीच्या राणी चेन्नम्मेचा. हीच पुढें १६८९ मध्यें छत्रपति राजाराममहाराजांस जिंजीच्या वाटेवर आश्रय देणारी राणी, हें मराठी वाचकांस सांगावयास नको. मंगळूर, बसरूर, बारकूर, कल्याणपूर ह्या भागांत ख्रिस्ती वस्ती होती. परंतु रोमाच्या बाजूचे बिशप थॉमस द कास्त्रो आणि गोव्याचे आर्चबिशप यांच्यांत अधिकाराचा तंटा लागला होता. वाझ तेथें गोव्याच्या बाजूनें गेले. तंटा त्यांच्या हातून मिटला नाहीं. मात्र तीन वर्षांत त्यांनीं शाळा काढल्या, देवळें उभारलीं, पायीं फिरून विखुरलेल्या कुटुंबांची व्यवस्था लावली. परधर्मी राजाच्या राज्यांत, राजाज्ञेचें पाठबळ नसतां, काम करतां येतें हा धडा त्यांना येथें मिळाला, असें त्यांच्या पुढील चरित्रावरून अनुमान होतें.

वाझ कानड्यांत असतांना गोव्यांत काय घडलें तें पाहण्यासारखें आहे. १६८३ च्या नोव्हेंबरांत छत्रपति संभाजीमहाराजांनीं जुवें बेट घेतलें व गोवें शहर संकटांत पडलें. तेव्हां व्हाइसरॉय कोंदि द आल्व्होर यानें संत फ्रान्सिस झेव्हियर यांची शवपेटी उघडवून आपला अधिकारदंड त्या मृत संताच्या हातीं दिला. पुढच्याच वर्षीं, २७ जून १६८४ रोजीं, ह्याच व्हाइसरॉयनें हुकूम काढला कीं, गोव्याच्या लोकांनीं तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगेज भाषा बोलावी. मराठ्यांच्या स्वारीमुळें बसलेला धाक आणि लोकभाषेविषयींची ही शंका, यांचा संबंध उघड आहे. राजसत्तेच्या मतें धर्म, भाषा आणि राजनिष्ठा हीं तिन्ही एकच होतीं. वाझ यांचें पुढील आयुष्य म्हणजे ह्या मताचें खंडन होय. तें त्यांनीं ग्रंथ लिहून केलें नाहीं, आचरणानें केलें.

१६८४ मध्यें ते परतले. जुन्या गोव्यांत क्रूसाच्या चमत्काराचें म्हणून प्रसिद्ध असलेल्या टेकडीवरील देवळांत कांहीं गोमंतकीय पाद्री एकत्र राहूं लागले होते. सप्टेंबर १६८५ मध्यें वाझ त्यांस मिळाले व लवकरच त्यांचे प्रमुख झाले. रोमांत संत फिलिप नेरी यांनीं स्थापिलेल्या ‘ओरेटरी’च्या नमुन्यावर त्यांनीं ह्या मंडळीस नियम घालून दिले. हा नमुना निवडण्यांत व्यावहारिक शहाणपण होतें. ओरेटरींतील पाद्री एकत्र राहतात, परंतु मोठ्या संघांप्रमाणें व्रतबद्ध नसतात. प्रत्येक गांवचें घर स्वायत्त असतें. त्यामुळें लिस्बनचा किंवा माद्रिदचा कोणी प्रांताधिकारी डोक्यावर येत नाहीं. एतद्देशीयांनीं एतद्देशीयांसाठीं चालविलेला पहिला कॅथलिक धर्मसंघ ह्या रीतीनें गोव्यांत उभा राहिला.

येथें दुसरी बाजूहि नमूद करणें इतिहासकाराचें कर्तव्य आहे. ज्यांस गोऱ्या संघांनीं बाहेर ठेविलें, त्यांनीं आपल्या संघाचें दार सर्वांस उघडें ठेविलें नाहीं. गोव्याच्या ओरेटरींत बराच काळ ब्राह्मण कुळांतून ख्रिस्ती झालेल्यांनाच प्रवेश मिळे. धर्म बदलला तरी जात उंबरठ्यावरच बसून राहिली. वाझ यांच्या थोरवीनें ही गोष्ट झांकतां येत नाहीं, आणि झांकूंहि नये.

आतां सिंहलद्वीपाकडे वळूं. तेथील किनारा पोर्तुगेजांनीं सुमारें दीड शतक भोगला होता. वलंदेजांनीं १६५६ मध्यें कोलंबो व १६५८ मध्यें जाफना घेतलें आणि पोर्तुगेज सत्ता संपली. नव्या धन्यांचा पंथ कॅल्व्हिनचा. त्यांनीं कॅथलिक पाद्र्यांस हांकून दिलें, पाद्र्यास आसरा देणारास देहान्त शिक्षा ठरविली आणि देवळें आपल्याकडे घेतलीं. हजारों कॅथलिक कुटुंबें वर्षानुवर्षें पाद्र्यावांचून राहिलीं. ही वार्ता वाझ यांच्या मनास लागून राहिली होती. संघाची घडी बसतांच मार्च १६८६ मध्यें त्यांनीं जुआंव नांवाचा एक तरुण सेवक बरोबर घेऊन गोवें सोडलें. मलबारच्या किनाऱ्यानें दक्षिणेस जाऊन ते तुतिकोरिनास पोंचले, आणि १६८७ मध्यें हमालाचा वेष घेऊन लंकेच्या भूमीवर उतरले. संस्कृतांत ‘वेषान्तर’ हा नाटककारांचा विषय. येथें तो प्राणरक्षणाचा उपाय होता. ब्राह्मण कुळांत जन्मलेला, लॅटिनचा अध्यापक असलेला हा मनुष्य हमाल व भिकारी होऊन दारोदार फिरला. जाफन्यास पोंचतांच हगवणीनें ते मरणोन्मुख झाले. बरे झाल्यावर गळ्यांत जपमाळ उघडी घालून भीक मागूं लागले. ती पाहून ज्याच्या मुद्रेवर ओळख दिसे, तो कॅथलिक, अशी त्यांची परीक्षा होती. सिल्लालै ह्या गांवीं त्यांना आश्रय मिळाला आणि तेथून रात्रींचें काम सुरू झालें. १६८९ च्या नाताळच्या रात्रीं वलंदेज शिपायांनीं जाफन्यांतील जमावावर धाड घातली. वाझ निसटले, परंतु त्यांच्या अनुयायांना कारावास व छळ सोसावा लागला.

तेव्हां त्यांनीं कँडीच्या राज्याचा मार्ग धरिला. पुत्तळम येथें कांहीं काळ राहून १६९२ मध्यें ते राजधानीजवळ पोंचले. त्यांना पकडण्यांत आलें तें कोणाच्या चहाडीवरून? बौद्ध भिक्षूंच्या नव्हे. लानेरोल नांवाचा एक फ्रेंच गृहस्थ, मतानें कॅल्व्हिनपंथी, १६७२ मध्यें आलेल्या फ्रेंच वकिलातीपैकीं. त्यास राजानें परत जाऊं दिलें नव्हतें. त्यानें दरबारांत कळविलें कीं, हा पाद्री पोर्तुगेजांचा हेर आहे. आरोप असंभाव्य नव्हता. पूर्वीच्या शतकांत पाद्री व हेर यांतील अंतर बरेंच बारीक असे. वाझ बेड्यांत पडले. तुरुंगांत त्यांनीं दोन गोष्टी केल्या. सिंहली भाषेचा अभ्यास केला, आणि बंधनें शिथिल होतांच आवारांतच एक झोंपडीवजा देऊळ बांधिलें. दोन वर्षांच्या सुमारास राजाची खात्री पटली कीं, ह्या मनुष्यामागें कोणतेंहि सरकार नाहीं.

हा राजा दुसरा विमलधर्मसूर्य. याचा काळ १६८७ ते १७०७. ‘चूलवंस’ ह्या पाली ग्रंथांत त्याची कीर्ति बौद्ध धर्माचा उद्धारक म्हणून गाइली आहे, आणि ती यथार्थ आहे. लंकेंत उपसंपदा देण्यास पुरेसे भिक्षु उरले नव्हते, म्हणून त्यानें आराकान देशाहून भिक्षु आणून १६९७ मध्यें दीक्षाविधि पुन्हां सुरू केला. बुद्धाच्या दंतधातूसाठीं तीन मजल्यांचें मंदिर बांधिलें. असा धर्मनिष्ठ बौद्ध राजा, आणि त्याच्या छत्राखालीं कॅथलिक पाद्री निर्भयपणें हिंडतो, हें दृश्य त्या शतकांत यूरोपांत कोठें दिसलें असतें? फ्रान्सच्या राजानें १६८५ मध्यें प्रॉटेस्टंटांचे हक्क काढून घेतले होते. हॉलंडांत कॅथलिकांना उघड्या देवळांत उपासना करतां येत नव्हती. राजाच्या औदार्यांत राजकारण मुळींच नव्हतें असें आम्ही म्हणत नाहीं. कँडीचें वलंदेजांशीं वैर होतें; किनाऱ्यावरील कॅथलिक प्रजा वलंदेजांवर नाराज असणें कँडीस हितावहच. शिवाय त्याच्या बापानें, दुसऱ्या राजसिंहानेंहि, पळून आलेल्या कॅथलिकांस वसाहतीसाठीं जागा दिली होती. तथापि राजकारणानें दरवाजा उघडतो. आंत आलेल्या माणसाचा मान त्याच्या वर्तनावर ठरतो.

त्या वर्तनाविषयीं दोन गोष्टी सांगितल्या जातात. पहिली अवर्षणाची. कँडींत पाऊस पडेना. बौद्ध विधि झाले, तरी आभाळ कोरडेंच. तेव्हां वाझ यांनीं वेदी मांडून, क्रूस उभारून प्रार्थना केली आणि मुसळधार पाऊस आला. वेदीपुरती जागा मात्र कोरडी राहिली. दुसरी गोष्ट १६९७ मधील देवीच्या सांथीची. राजा व सरदार शहर सोडून गेले. रोग्यांस आप्तांनीं रानांत टाकिलें. वाझ व नुकतेच गोव्याहून आलेले पाद्री जोसे कार्व्हाल्यु यांनीं त्यांस उचलून झोंपड्यांत आणिलें, स्वहस्तें धुतलें, जेवूं घातलें आणि मेलेल्यांस मूठमाती दिली. ह्यांत धर्माचा भेद त्यांनीं केला नाहीं.

ह्या दोन कथांचें प्रामाण्य सारखें नाहीं, आणि आमच्या शास्त्राची कसोटी येथेंच लागते. ह्या मिशनची बहुतेक माहिती ओरेटरीच्या पाद्र्यांनीं गोव्यास पाठविलेल्या पत्रांतून व अहवालांतून, आणि त्यांवरून सेबास्तियांव दु रेगु यांनीं लिहिलेल्या, १७४५ मध्यें लिस्बन येथें छापलेल्या चरित्रांतून येते. साक्षीदार सगळे एकाच घरचे. पाऊस पडला हें खरें असूं शकेल. तो कशामुळें पडला हें सांगण्याचा अधिकार इतिहासास नाहीं. इतिहास इतकेंच पाहतो कीं, त्यानंतरच्या काळांत वाझ यांना राज्यांत फिरण्याची मोकळीक होती, आणि ह्या परिणामास कांहीं तरी कारण घडलें असलें पाहिजे. सांथींतील शुश्रूषेची गोष्ट मात्र निराळ्या जातीची आहे. तींत निसर्गनियमाचा भंग नाहीं. भंग झाला असेल तर भीतीचा. आमच्या मतें राजाच्या दरबारीं पावसापेक्षां ह्या झोंपड्यांनींच अधिक साक्ष दिली. संतचरित्रांत चमत्कार मोठ्या अक्षरांत लिहिलेले असतात. वाचणारानें लहान अक्षरें आधीं वाचावीं. २०१५ मध्यें संतपद देतांना पोपांनींहि नेहमीची दुसऱ्या चमत्काराची अट शिथिल केली, हें येथें सांगणें अप्रस्तुत होणार नाहीं.

१६९७ पासून गोव्याहून आणखी पाद्री येऊं लागले. कोचीनच्या बिशपांनीं वाझ यांस लंकेंतील आपले प्रतिनिधि नेमिलें. त्यांना बिशपाच्या पदावर चढविण्याचा विचार निघाला तेव्हां त्यांनीं तो नाकारला. १७०७ मध्यें विमलधर्मसूर्य वारला. त्याचा पुत्र नरेंद्रसिंह यानेंहि तोच लोभ ठेविला. डोंगराळ मुलखांत पायीं हिंडून वाझ यांचें शरीर झिजलें होतें. १६ जानेवारी १७११ रोजीं कँडी येथें त्यांचा अंत झाला. लंकेंत चोवीस वर्षें काढून ते एकदांहि गोव्यास परतले नाहींत.

त्यांच्या वारशांत आम्हांस सर्वांत महत्त्वाचा भाग भाषेचा वाटतो. १७०५ मध्यें दिवाडीचे पाद्री जाकोम गोंसाल्व्हिश लंकेंत आले व १७४२ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, तेथेंच राहिले. त्यांनीं सिंहली व तमिळ भाषांत विपुल ग्रंथरचना केली, कोश तयार केले. सिंहली कॅथलिक वाङ्मयाचे ते जनक समजले जातात. त्यांच्या एका प्रमुख ग्रंथाचें नांव ‘देव वेद पुराणय’. देव, वेद, पुराण, तिन्ही शब्द आमच्याच घरचे! साष्टींत पाद्री स्टीफन्स यांनीं ‘ख्रिस्तपुराण’ मराठींत रचून १६१६ मध्यें छापविलें, तीच वाट येथें सिंहलींत पुढें गेलेली दिसते. गोव्याच्या सरकारनें गोमंतकीयांची बोली बंद करण्याचा हुकूम काढावा, आणि त्याच पिढींतील गोमंतकीयांनीं परद्वीपीं जाऊन तेथील लोकभाषेस ग्रंथसंपत्ति द्यावी, हा विरोध लक्षांत घेण्याजोगा आहे. मात्र ह्या ग्रंथांत बौद्ध मताचें कडक खंडनहि आहे, हें विसरूं नये. वाझ व त्यांचे सहकारी आजच्या अर्थानें सर्वधर्मसमभावी नव्हते; आपलाच धर्म सत्य असें ते मानीत व तसें सांगत. त्यांनीं सोडली ती जबरदस्ती; निश्चय नाहीं.

राजाश्रय हा राजाबरोबर बदलतो, याचाहि अनुभव त्या मिशनला आला. १७३९ मध्यें श्रीविजयराजसिंह गादीवर आला. त्यानें कॅथलिकांविरुद्ध कडक उपाय योजिले, पाद्र्यांस राज्याबाहेर घालविलें. ‘चूलवंसां’त ह्याबद्दल त्याची स्तुति आहे. तरी वाझ यांनीं गांवोगांव लावून दिलेली व्यवस्था टिकली. पाद्री नसतां गांवकऱ्यांपैकींच नेमलेल्या प्रमुखानें प्रार्थना चालवावी, मुलांस शिकवावें, मरणाऱ्याजवळ बसावें, अशी ती सोय होती. वलंदेजांची सत्ता १७९६ मध्यें गेली. १८०६ मध्यें इंग्रज गव्हर्नर मेटलंड यानें कॅथलिकांवरील निर्बंध उठविले, तेव्हां उजेडांत आलेला समाज हा ह्याच बीजाचा वृक्ष होता. गोव्यांतील मूळ संघाचें दैव मात्र उलटें ठरलें. १८३४ मध्यें पोर्तुगालनें धर्मसंघ बरखास्त केले आणि त्यानंतर गोव्याची ओरेटरीहि संपली. ख्रिस्ती सरकारच्या एका लेखणीनें जें झालें, तें वलंदेजांच्या देहान्त शिक्षेनें झालें नव्हतें.

ह्या सर्वांवरून आम्ही एवढाच निष्कर्ष काढतों. वाझ यांच्या आयुष्यांत तीन राजसत्ता आल्या. त्यांच्याच पंथाच्या सत्तेनें त्यांच्या जातभाईंस मागच्या रांगेंत बसविलें. ख्रिस्ती परंतु भिन्नपंथी सत्तेनें त्यांच्या शिरावर मरण टांगलें. परधर्मी सत्तेनें त्यांना आधीं बेड्या घातल्या, मग माणूस पारखून मोकळें केलें. म्हणून ‘मिशनरी म्हणजे सरकारचा हात’ हें सूत्र साष्टीच्या १५६७ सालास लागूं पडतें, कँडीच्या १६९७ सालास लागूं पडत नाहीं. दोन्ही सालें खरीं आहेत. पहिल्याचें दुःख आम्ही विसरावें असें नाहीं. परंतु त्या दुःखाच्या भरांत दुसऱ्या सालास खोटें पाडणें हा न्याय नव्हे. वेलिंगच्या नृसिंहाची कथा आणि सांकवाळच्या पाद्र्याची कथा ह्या एकाच गांवच्या दोन शाखा आहेत, आणि एका गांवचा इतिहास लिहावयाचा तर दोन्ही लिहिल्या पाहिजेत.

कै. पांडुरंग पिसुर्लेकर यांनीं गोव्याच्या दप्तरखान्यांतील पोर्तुगेज कागद मराठ्यांच्या इतिहासाच्या कामीं आणून दाखविले, तेव्हांपासून त्या भाषेचें महत्त्व आमच्याकडे मान्य झालें आहे. तरुण अभ्यासकांनीं पोर्तुगेजीबरोबर पाली व सिंहलीहि शिकावी, म्हणजे गोमंतकीयांनीं सागरापलीकडे काय केलें तें चूलवंसाशीं ताडून पाहतां येईल. एकाच घरच्या साक्षीवर आतांपर्यंत काम भागलें. शेजाऱ्याची साक्ष काढल्याशिवाय निकाल पक्का होत नाहीं.